रजोनिवृत्तीचे संक्रमण : ओळख, चिकित्सा आणि एक सावधगिरी

सुमारे तीन वर्षांपूर्वी एक त्रेपन्न वर्षे वयाच्या रुग्णा आमच्या चिकित्सालयात आल्या. तक्रार गुडघेदुखीची होती. तपासणी आटोपून आम्ही औषधाची चिठ्ठी लिहीत असता त्यांनी सहज विचारले, "डॉक्टर, यासोबत अशोकारिष्ट चालू ठेवले तर चालेल ना?" अशोकारिष्ट कशासाठी, असे विचारता कळले की त्यांची पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली होती, परंतु गेले पाच महिने अधूनमधून अंगावर लाल जात होते. औषधी दुकानातून त्या स्वतःच बाटली नेत होत्या. दुकानदारांनी कधी विचारले नाही, आणि घरी थोरल्या जाऊबाईंनी "या वयात असे मागेपुढे होतेच" असा निर्वाळा दिलेला होता. खेदाची गोष्ट अशी की, याच पाच महिन्यांत त्या एकदा आमच्याकडेच येऊन गेल्या होत्या. त्या दिवशीच्या केसपेपरवर आमच्याच अक्षरात 'रजोनिवृत्ती' एवढा एक शब्द लिहिलेला होता. त्यापुढे एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अंतःस्तराची जाडी १४ मिलिमीटर आढळली. बायॉप्सीत कर्करोगाचे निदान झाले. सुदैवाने व्याधी प्रथमावस्थेत होती, शस्त्रक्रिया झाली, आणि आज रुग्णेची प्रकृती उत्तम आहे. परंतु त्या एका शब्दाने आम्हांस पुष्कळ विचार करावयास लावले. रजोनिवृत्तीविषयी आपल्या त्रैमासिकांतून व परिसंवादांतून कल्पांची चर्चा बरीच होते. संक्रमण ओळखावे कसे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संक्रमण नव्हे ते ओळखावे कसे, याची चर्चा मात्र थोडी होते. म्हणून वैद्यबंधु-भगिनी व औषधी विक्रेते या दोघांसाठी प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

ग्रंथांची भूमिका

बृहत्त्रयीत रजोनिवृत्ती या नावाचा स्वतंत्र व्याधी वर्णिलेला नाही, आणि हे मौन अर्थपूर्ण आहे असे आम्हांस वाटते. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात आर्तवाची प्रवृत्ती बाराव्या वर्षापासून व क्षय पन्नाशीच्या सुमारास सांगितला आहे. वाग्भटांचेही मत तेच. म्हणजे जरेने शरीर परिपक्व झाले असता आर्तव थांबणे हा शरीराचा स्वभाव होय. सूत्रस्थानात व्याधींचे प्रकार सांगताना क्षुधा, पिपासा, निद्रा, जरा व मृत्यू यांना सुश्रुताचार्य स्वभावबलप्रवृत्त म्हणतात, आणि त्यांतही कालकृत व अकालकृत असा भेद करतात. योग्य काळी, परिरक्षण केलेल्या शरीरात येते ते कालकृत. परिरक्षणाच्या अभावी लवकर येते ते अकालकृत. हा भेद चिकित्सकाने सदैव ध्यानी ठेवावा, कारण आजच्या निदानाचा निम्मा भाग यातच सामावला आहे.

वयाच्या दृष्टीने पाहू जाता, चरकाचार्य मध्यम वय साठ वर्षांपर्यंत मानून त्यात पित्ताचे प्राधान्य सांगतात व त्यानंतर वाताचे. रजोनिवृत्तीचा काळ या पित्तप्रधान वयाच्या उत्तरार्धात, वाताच्या उंबरठ्यावर येतो. त्यामुळे याच स्त्रीमध्ये अंगाची लाही लाही करणारे पित्त आणि झोप उडविणारा, सांधे धरणारा, मन अस्थिर करणारा वात असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. केवळ वातशमन म्हणून उष्ण चिकित्सा दिली तर वाफा वाढतात. केवळ पित्तशमन म्हणून शीत-रूक्ष चिकित्सा दिली तर झोप जाते. हा अनुभव आपल्यांपैकी अनेकांनी घेतला असेल.

पन्नाशीचा ग्रंथोक्त आकडा मर्यादा म्हणून घ्यावा. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास आढळते, पाश्चात्य देशांत ते ५१ च्या सुमारास आहे. म्हणजे आपल्याकडील संक्रमण कित्येकदा बेचाळिशीतच सुरू होते, आणि रुग्णेला, तिच्या घरच्यांना व कधीकधी वैद्यालाही ते इतक्या लवकर अपेक्षित नसते.

संक्रमण ओळखावे कसे

व्याख्या सोपी आहे. अन्य कोणतेही कारण नसता सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली. ही व्याख्या मागे वळून लावावयाची असल्याने त्या क्षणी कोणालाच काही सांगता येत नाही. त्यापूर्वीचा जो काही वर्षांचा काळ, तेच संक्रमण. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेने याच्या अवस्था निश्चित केल्या, त्या चिकित्सालयात अत्यंत उपयुक्त ठरतात. लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत सात दिवस किंवा अधिक फरक पडू लागला आणि तो पुन्हा पुन्हा दिसू लागला, की पूर्वसंक्रमण सुरू झाले असे समजावे. पुढे साठ दिवस किंवा अधिक काळ पाळी न येण्याचे प्रसंग येऊ लागले, म्हणजे उत्तरसंक्रमण. ते साधारणतः एक ते तीन वर्षे चालते.

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, दिनदर्शिका लागते. आमच्या रुग्णांना आम्ही स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयावरच पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती गोल करावयास सांगतो. दूधवाल्याचे खाडे जिथे लिहिले जातात तिथेच हेही लिहिले जाते, आणि सहा महिन्यांत रुग्णेच्या हातात असा पुरावा येतो की जो स्मरणशक्तीवर विसंबून कधीच मिळत नाही. यात एक विघ्न मात्र आपल्या प्रांतात हमखास येते. गौरी-गणपती, नवरात्र, घरातील लग्न, सत्यनारायण अशा निमित्तांनी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या हार्मोनच्या असतात, थांबविल्यावर काही दिवसांनी स्राव होतो, आणि मग चक्राचा हिशेबच चुकतो. भाद्रपद-आश्विनात अनियमित पाळीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णेस हा प्रश्न प्रथम विचारावा. रुग्णा आपण होऊन सांगत नाही. तिच्या लेखी ते औषध नव्हेच, सोय आहे.

लक्षणे सांगण्याची स्त्रियांची स्वतःची भाषा असते, ती ऐकावयास शिकले पाहिजे. "कानातून, डोक्यातून वाफा निघतात", "अंग तापते पण थर्मामीटरला ताप नाही", "पंख्याखाली घाम फुटतो आणि लगेच हुडहुडी भरते", "उगाच रडू येते", "सुनेवर उगाच ओरडले जाते". यांतील पहिली तीन वाक्ये म्हणजे उष्णतेच्या लहरी होत. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानुसार मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात तापमानाचे नियमन करणारी व्यवस्था असते. इस्ट्रोजेनचे प्रमाण घसरले की तेथील काही चेतापेशी अतिसक्रिय होतात, आणि शरीराच्या तापमानात अगदी सूक्ष्म वाढ झाली तरी शरीर प्रचंड उष्णता झाल्यासारखे वागते. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, घाम फुटतो, मग थंडी वाजते. एकेक लहर काही मिनिटांची असते. परंतु हा त्रास चारसहा महिन्यांत संपेल असे आश्वासन रुग्णेस देऊ नये. अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घकालीन अभ्यासात वारंवार लहरी येणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यांचा मध्यम कालावधी सात वर्षांहून अधिक आढळला. "थोडे दिवस सोसा" असे सांगून आपण तिचा विश्वास मात्र गमावतो.

आणखी एक लक्षणसमूह असा की जो विचारल्याशिवाय कधीही सांगितला जात नाही : योनिगत रूक्षता, संबंधाच्या वेळी वेदना, वारंवार मूत्रदाह. वाफा कालांतराने कमी होतात. ही रूक्षता उपचाराविना वाढत जाते. मूत्रदाहासाठी वर्षभर चंद्रप्रभा घेत असलेल्या एका साठीच्या रुग्णेस मूळ कारण कोणी विचारलेच नव्हते. पुरुष वैद्यांना हा प्रश्न विचारताना संकोच होतो हे आम्ही जाणतो. "या वयात त्या भागात कोरडेपणा येतो, तुम्हांला तसे काही जाणवते का?" इतक्या साध्या शब्दांत विचारले असता बहुतेक स्त्रिया मोकळेपणाने सांगतात, असा आमचा अनुभव आहे.

रक्ततपासणीविषयी थोडे. पंचेचाळिशीपुढील स्त्रीस लक्षणे स्पष्ट असता केवळ निदानासाठी एफ.एस.एच. तपासण्याची गरज नाही. संक्रमणात हे प्रमाण महिन्यागणिक वरखाली होते. आज आलेला आकडा पुढील महिन्यात टिकेलच असे नाही. तो खर्च हिमोग्लोबिन, थायरॉईड व रक्तशर्करा यांवर करावा. थायरॉईडच्या विकारात घाम, धडधड, अनियमित पाळी, वजनवाढ, उदासीनता हे सर्व दिसते, आणि तो याच वयात वारंवार आढळतो.

अकालकृत, आणि शस्त्रकृत

चाळिशीपूर्वी पाळी थांबणे हे कधीही स्वाभाविक मानू नये. तेथे एफ.एस.एच.सह संपूर्ण तपासणी व स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे, कारण प्रश्न केवळ वाफांचा नसून पुढील अनेक दशकांच्या अस्थी व हृदयाच्या आरोग्याचा असतो. अशा रुग्णेस 'लवकर गेली, सुटलात' असे म्हणणे हा अपराध होय.

महाराष्ट्रात याहून गंभीर प्रकार म्हणजे 'पिशवी काढणे'. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न प्रथमच विचारला गेला. १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यम वय होते अवघे ३४. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतील खाडा व त्याचा दंड टाळण्यासाठी, पांढरे जाणे वा ओटीपोटातील दुखणे यांसारख्या तक्रारींवर, कर्करोगाची भीती घातल्यामुळे अशी अनेक कारणे त्यामागे होती.

या स्त्रिया हंगाम संपला की आपल्याच चिकित्सालयात कंबरदुखी, अशक्तपणा, निद्रानाश घेऊन येतात. त्यांना दोन प्रश्न विचारावेत : पिशवी कोणत्या वर्षी काढली, आणि सोबत बीजकोषही काढले का? बीजकोष काढले असल्यास रजोनिवृत्ती एका दिवसात आलेली असते. लक्षणे तीव्र असतात आणि अस्थिक्षयाची घाई सुरू झालेली असते. बीजकोष शिल्लक असल्यास पाळी नसली तरी रजोनिवृत्ती झालेली नसते, ती पुढे केव्हातरी येते व दिनदर्शिकेवरून कळत नाही. उत्तर रुग्णेस बहुधा माहीत नसते. डिस्चार्ज कार्ड घरी ट्रंकेत असते. ते आणावयास सांगावे, तेवढा आग्रह धरावा.

जे संक्रमण नव्हे

लेखाच्या आरंभी जी हकिगत सांगितली तिचे मर्म येथे आहे. एक वर्ष पाळी बंद राहिल्यानंतर थेंबभर जरी लाल दिसले तरी ते संक्रमण नव्हे, असृग्दर म्हणून घरी चिकित्सा करण्याजोगेही नव्हे. अशा स्रावाच्या रुग्णांपैकी सुमारे नऊ-दहा टक्क्यांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग आढळतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. उरलेल्या नव्वद टक्क्यांत कारण सौम्य असते, हे खरे. परंतु कोण दहांतील आणि कोण नव्वदांतील हे नाडीवरून सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अंतःस्तर चार मिलिमीटरपर्यंत असेल तर कर्करोगाची शक्यता अत्यल्प राहते. त्याहून अधिक असेल, किंवा कमी असूनही स्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर बायॉप्सी करावी लागते. दिलासा देणारी बाब अशी की, हा कर्करोग स्रावाच्या रूपाने लवकर बोलतो. या कर्करोगाच्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांत तेच पहिले लक्षण असते. आपण स्तंभन करून त्याचे तोंड बंद केले तर मात्र ती संधी जाते.

पाळी पूर्ण थांबण्यापूर्वीही काही गोष्टी संक्रमणाच्या खात्यात टाकू नयेत. तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांहून अधिक स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, संबंधानंतर रक्त. यांतील शेवटचे लक्षण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेही असू शकते. पंचेचाळिशीनंतर असा विकृत स्राव असता अंतःस्तराची तपासणी करून घ्यावी. स्थौल्य, मधुमेह, अपत्य नसणे, पूर्वीपासून पी.सी.ओ.एस., किंवा स्तनकर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असणे, या स्त्रियांत थांबू नये. फायब्रॉईड असल्याचा जुना रिपोर्ट हातात आहे म्हणून नवीन स्राव त्याचाच असेल, असेही गृहीत धरू नये.

स्राव मोठा असता हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय तिला 'या वयातील थकवा' असे लेबल लावणे हे तर नित्याचेच झाले आहे. सहा-सात ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन पाणी भरणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत.

आर्तवक्षय आणि रजोनिवृत्ती यांतील भेद

पाळी दोन-तीन महिने आली नाही की रुग्णा म्हणते, "डॉक्टर, एकदा मोकळी करून द्या, डोके हलके होईल." अंगात दूषित रक्त साठते ही समजूत दृढ असल्याने हा आग्रह असतो. आपण सुश्रुतोक्त आर्तवक्षयाची चिकित्सा आठवतो. तेथे संशोधन व आग्नेय द्रव्यांचा उपयोग सांगितला आहे. मग कुमारी, कासीस, टंकण, हिंगू यांनी युक्त रजःप्रवर्तनी वटी लिहून दिली जाते. आमचे स्पष्ट मत असे की, संक्रमणकाळात हे करू नये. ती चिकित्सा योग्य काळी जे यावयास हवे ते न येण्याची आहे. ज्याचा काळच सरत आला त्याला बळाने आणणे हे स्वभावाविरुद्ध आहे. आणि पित्तप्रधान अवस्थेत आग्नेय द्रव्ये दिल्याने वाफा, दाह व स्राव तिन्ही वाढतात. साठलेले रक्त असे काही नसते, हे रुग्णेस शांतपणे समजावून सांगावे. तथापि महिनोन्महिने पाळी न येता एकदम प्रचंड स्राव होण्याचा इतिहास असेल तर अंतःस्तर जाड झालेला असू शकतो. तेथे वटी नको, सोनोग्राफी हवी.

यात दुसरा धोका गर्भधारणेचा. संक्रमणात बीजोत्सर्ग अनियमित होतो, बंद होत नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या, दोन महिने पाळी चुकलेल्या रुग्णेस मूत्राची गर्भपरीक्षा केल्याशिवाय कोणतेही प्रवर्तक औषध देणे हा अक्षम्य प्रमाद ठरेल. साधारणतः पन्नाशीपूर्वी शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे व पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा सल्ला दिला जातो. नातू खेळविण्याच्या वयात हा विषय काढणे रुग्णेस चमत्कारिक वाटते, म्हणून आपणच काढावा.

चिकित्सा

वरील सर्व वगळून झाल्यावर जी उरते ती खरी संक्रमणातील रुग्णा, आणि येथे आयुर्वेदाजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम आहार-विहार. आपल्या घरांतील स्त्री सर्वांच्या मागून, शिळे, तिखट आणि चहाबरोबर जेवते. त्यात उपवास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि शरद ऋतूत, म्हणजे पित्तप्रकोपाच्या ऐन काळात, नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची व रिकाम्या पोटी चहा. ऑक्टोबरमध्ये वाफांच्या रुग्णा वाढतात यात नवल नाही. उपवास मोडा असे आम्ही सांगत नाही, ते ऐकलेही जाणार नाही. राजगिरा, वरी, दूध, ताक, फळे यांवर तो करा, असे सांगतो. ते ऐकले जाते.

रात्री भिजत घातलेल्या धण्याचे हिम सकाळी, भिजविलेल्या मनुका, गुलकंद किंवा मोरावळा, माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी, आमसुलाचे सार, हे सर्व घरात उपलब्ध असते. मधुमेही रुग्णेस गुलकंद व मोरावळा अर्थातच वर्ज्य. चहा दिवसाला दोन कपांवर आणावा, संध्याकाळनंतर नको. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिचे आंबील वा भाकरी रोजच्या आहारात यावी. त्यासोबत चालणे आणि स्नायूंना भार देणारा व्यायाम हवाच. अस्थीस बल केवळ प्रवाळाने येत नाही.

निद्रानाशासाठी आमचा सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे : रात्री तळपायांस तूप लावून काशाच्या वाटीने पादाभ्यंग. घरातील दुसऱ्या कोणी तो करावा, असा आम्ही आग्रह धरतो. लेकीने वा नवऱ्याने आईचे पाय चोळणे ही गोष्ट औषधापलीकडची असते, आणि त्या निमित्ताने तिला काहीतरी होते आहे हे घराला कळते. सर्वांगास तिळतेलाचा अभ्यंग, शक्य तेथे शिरोधारा व मात्राबस्ती, यांचा वातप्रधान रुग्णेत चांगला अनुभव येतो. योनिरूक्षतेसाठी तिळतेल वा शतावरीघृताचा पिचू उपयुक्त ठरतो. तो निर्जंतुक असावा, रात्रभर ठेवू नये, आणि स्राव असता देऊ नये.

आभ्यंतर द्रव्यांत शतावरी प्रधान. तीन ते सहा ग्रॅम चूर्ण दुधासह देता येते. अग्नी मंद असता मात्रा कमी ठेवावी. दाह अधिक असता सारिवा, उशीर यांची जोड, प्रवाळपिष्टी. मन अस्थिर असता ब्राह्मी, जटामांसी. मात्र ग्रंथोक्त गुणांवर व आपापल्या अनुभवावर आपण बोलतो तेव्हा तेवढ्याच बळाने बोलावे. उष्णतेच्या लहरींवर या द्रव्यांची मोठ्या प्रमाणावर झालेली, काटेकोर तुलनात्मक चाचण्यांची साक्ष अद्याप तोकडी आहे. रुग्णेस "नक्की थांबेल" असे सांगण्याऐवजी तीन महिन्यांची मुदत ठरवावी, वाफांची दैनिक संख्या लिहून ठेवावयास सांगावी व उपशय पाहावा.

काही द्रव्यांबाबत विशेष जपावे. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते; या वयात रक्तदाबाची गोळी चालू नाही अशा स्त्रिया विरळाच. अश्वगंधेने थायरॉईड हार्मोन वाढल्याची व क्वचित यकृतास इजा झाल्याची नोंद आहे. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या रुग्णेत ती सरसकट देऊ नये. स्तनकर्करोगाचा इतिहास असणाऱ्या स्त्रीस शतावरी, यष्टीमधु यांसारखी इस्ट्रोजेनसदृश क्रिया संभवणारी द्रव्ये तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून देऊ नयेत. रसकल्प महिनोन्महिने चालू ठेवण्याचा मोह टाळावा.

हार्मोन चिकित्सेविषयी आपल्यांत दोन टोके आढळतात. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीचा संयुक्त हार्मोनचा भाग मुदतीपूर्वी थांबविला गेला. स्तनकर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यानंतर अनेक वैद्यांनी ही चिकित्सा विषवत मानली. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मागे पडली. साठीच्या आत, रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, योग्य निवड केलेल्या स्त्रीत तीव्र वाफांवर ती सर्वांत प्रभावी ठरते असे आज मानले जाते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतील बहुतांश इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. तीन महिन्यांत आपल्या चिकित्सेने उपशय नसेल, किंवा रजोनिवृत्ती अकाली वा शस्त्रकृत असेल, तर रुग्णेस हा पर्याय आहे हे सांगणे आपले कर्तव्य आहे. त्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही.

दुकानाच्या काउंटरवर

आता औषधी विक्रेते बंधूंशी दोन शब्द. अशोकारिष्ट हे आपल्याकडे विनाचिठ्ठी सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्या कल्पांपैकी एक असावे. ते नाकारा असे आमचे म्हणणे नाही. मागणारी स्त्री चाळिशीपुढील दिसली तर एवढेच विचारावे : "ताई, कोणासाठी? पाळी चालू आहे की बंद झाली आहे?" बंद होऊन वर्ष झाले असेल व तरीही स्राव असेल तर बाटली देऊ नये, तपासणीसाठी पाठवावे. सलग तिसरी बाटली नेणाऱ्या स्त्रीसही हाच न्याय. प्रश्न विचारणे काउंटरवरील पुरुषास अवघड जाते. आमच्या परिचयाच्या एका विक्रेत्यांनी यावर उपाय म्हणून हे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवले आहेत. स्त्रिया वाचतात आणि बोटाने दाखवितात.

अरिष्टात गुळाचे प्रमाण मोठे व स्वयंजनित मद्यांश असतो. मधुमेही, तसेच मद्य वर्ज्य असणारी औषधे चालू असलेल्या स्त्रीस याची कल्पना द्यावी. खरेदी करताना सालीची ओळख पटवून घ्यावी. खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, केशरी-तांबड्या फुलांचा, सह्याद्री व कोकणातील पाणथळ रानांत आढळणारा. आज तो दुर्मीळ होत असून जागतिक संकटग्रस्त सूचीत नोंदला गेला आहे. रस्त्याकडेला व बंगल्यांभोवती सरळ वाढणारा, लांब लहरी पानांचा वृक्ष ज्याला लोक अशोक म्हणतात, तो वेगळ्याच कुळातील आहे, आणि त्याचीच साल बाजारात सर्रास मिसळली जाते. कच्चा माल घेणाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या ओळखपत्राविना साल स्वीकारू नये. तयार कल्प विकणाऱ्यांनी निर्मात्याकडे त्याची विचारणा करावी. ग्राहकांनी विचारल्याशिवाय निर्माते जागे होत नाहीत.

आणि शेवटी जाहिरातींविषयी. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या तिसऱ्या कलमानुसार मासिक पाळीच्या तक्रारी दूर करण्यासाठी कोणत्याही औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. 'पाळीच्या सर्व तक्रारींवर रामबाण' असे छापील फलक काही कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानात आणून लावतात, आणि तो फलक ज्याच्या भिंतीवर असतो त्याच्याकडे चौकशीस माणूस येतो. असे फलक लावून घेऊ नयेत. लागले असतील तर आजच उतरवावेत.